पिल्सनरचा वास

सुरतेत दारूबंदी, म्हणून आम्ही हौशी लोक रविवारी दमण गाठतो. तिथल्या एका छोट्या ब्रुअरीत मी त्यांनीच बनवलेली पिल्सनर बियर मागवली. बियर चाखण्याचे व्हिडिओ बघून बघून मी स्वतःला जाणकार समजायला लागलो होतो. पण चव घ्यायची सुरुवात कुठून करायची, ते ऐन वेळी आठवेना.

शेजारच्या टेबलावर मनगटात जाडजूड कडं घातलेले एक गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी ग्लास उजेडात धरला. मीही धरला. त्यांनी ग्लासात नाक खुपसून डोळे मिटले. मीही मिटले. ते पीत मात्र नव्हते. अस्सल दर्दी दिसतोय! त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी पुटपुटलो, "वा! ताजं गवत, लिंबाची साल!"

त्यांनी डोळे उघडले. "मी पीत नाही दादा. गाडी मलाच चालवायचीय. हा मित्राचा ग्लास, तो बाहेर फोनवर बोलतोय."

"मग वास कसला घेताय?"

"कुरडयांचे गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी घरभर असाच वास सुटायचा. आई गेली, कुरडया बंद झाल्या. म्हणून येतो त्याच्यासोबत."

मित्र आला, तसा त्यांनी ग्लास हळूच त्याच्यापुढे सरकवला.

आमच्याकडे आई अजून दर उन्हाळ्यात कुरडया करते. त्या आंबूस वासाने डोकं उठतं म्हणून मी खोलीचं दार लावून घेतो. आणि दमणला येऊन त्याच वासाला ताजं गवत म्हणतो.