टोपीला हात

ऑर्विल स्टॅनेक हा ओहायोतला निवृत्त पोस्टमन. गावचा बेसबॉल संघ तीन वर्षं तळाला होता, तरी त्याने एकही सामना चुकवला नव्हता. तो मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाच्या बाकांवर बसायचा, कारण तिथून त्या टोकाला मधोमध उभा राहून चेंडू अडवणारा सेंटर फील्डर टेरेल अगदी समोर दिसायचा. टेरेल वाऱ्यासारखा धावून हातचे गेले असं वाटणारे झेल घ्यायचा आणि जागेवर परतताना ऑर्विलकडे बघून टोपीला हात लावायचा. तेवढ्यावर ऑर्विलचा आठवडा मजेत जायचा.

यंदा टेरेलचं नाव झालं आणि बाकं भरू लागली. शेजारी लुसील नावाची बेकरीवाली येऊन बसू लागली.

"संघाचं काही खरं नाही, पण हा पोरगा सोनं आहे," ती म्हणाली.

"मला काय सांगता? तीन वर्षं बघतोय मी त्याला."

"मग त्याला लिंबाचा केक आवडतो, हे माहीतच असेल. दर रविवारी नेऊन देते मी."

ऑर्विलला ते माहीत नव्हतं. त्यानंतर टेरेलने टोपीला हात लावला, की तो कोणासाठी लावला याचाच ऑर्विलला घोर लागे.

जुलैअखेर मोठ्या शहरातल्या संघाने टेरेलला उचललं. लुसीलच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑर्विलने तिला रुमाल दिला, पण त्याला स्वतःला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

"आता इथे यायचं तरी कशाला?" तिने विचारलं.

"नका येऊ," तो म्हणाला. मैदानात नवा सेंटर फील्डर येत होता. ऑर्विल उठला आणि नव्या पोराला आधी आपणच दिसावं म्हणून तिच्या पुढच्या बाकावर जाऊन बसला.