अकराव्या प्रश्नाचं उत्तर

नगर परिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली की माणसाजवळ बीपीच्या गोळ्या साठतात आणि किस्से साठतात. गोळ्या निदान संपतात, मेडिकलवरून नव्या आणाव्या लागतात. किस्से काही संपत नाहीत! मागच्या वर्षी मी रिटायर झालो, तरी रोज सकाळी हॉटेलावर कोणीतरी म्हणतंच, "बेंगाळ, ते जुन्या घरांच्या स्कीमचं सांगा ना!" मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. घरी परतताना मात्र पाय जड होतात. गावाचं नाव सांगत नाही. हिंगोली जिल्ह्यातलं आहे, हळदीचं आहे, एवढं पुरे.

स्कीम अशी होती. आमच्या मुख्याधिकारी साहेबांना ट्रेनिंगसाठी बाहेरच्या राज्यात पाठवलं होतं. जुन्या इमारती जपणाऱ्या मालकांना तिथे सवलती मिळतात, हे ते पाहून आले आणि आल्या आल्या ठराव केला. निजामाच्या काळातली किंवा त्याआधीची इमारत जो मालक न पाडता ठेवील, त्याची घरपट्टी अर्धी, दुरुस्तीच्या परवानगीला फी नाही, आणि दारावर लावायला नगर परिषदेची पितळी पाटी. चार पानांचा फॉर्म, अठरा प्रश्न. चार्ज कोणाकडे? माझ्याकडे! घरपट्टी माझ्याकडे होतीच. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा काढायचं कामही माझंच. म्हणजे घर जपा म्हणणारा मी आणि घर पाडा म्हणणाराही मीच, एकाच खुर्चीत बसून, एकाच पेनानं.

*

ऑटोवर भोंगा लावून गावभर पुकारा केला. दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर ही रांग! मी खूश. साहेबांना फोन लावणार, तेवढ्यात आमचा शिपाई शेषराव बाहेरून चौकशी करून आला.

"साहेब, हे लोकं फॉर्म भराले न्हाई आले. आमचं घर जुनं न्हाई, असं लिहून द्याले आलेत!"

जुनं ठरलं की सरकारजमा होणार, अशी बातमी रातोरात पसरली होती. पहिला नंबर एका कापड दुकानदाराचा. त्याचं काळ्या दगडाचं घर, कमानीचा दरवाजा, गावातलं लेकरूही ओळखतं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, हे घर आमी मागच्या साली बांधलं."

शेषरावला राहवलं नाही. "मंग दारावरचं उर्दू काय रंगाऱ्यानं कोरलं व्हय?"

"व्हय," दुकानदार म्हणाला, "आता तीच फॅशन हाय!"

आम्ही पोट धरून हसलो. पण त्याला समोर बसवून चहा पाजून नीट समजवायला मला कोणी अडवलं होतं का? मी नुसता हसलो आणि त्याचं लिहून घेतलं. त्याच उन्हाळ्यात त्यानं ती कमान फोडून शटर बसवलं.

*

खरा फॉर्म भरायला पहिल्यांदा आले ते पाईकराव गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला लाल पेन. बौद्धवस्तीच्या तोंडाशी त्यांची एक खोली होती. दगडाच्या भिंती, सागाची तुळई, आतून चुन्याचा गिलावा. त्यांच्या वडलांनी निजामाच्या काळात तिथे मोठ्या माणसांसाठी रात्रशाळा सुरू केली आणि पुढे गुरुजींनी ती कित्येक वर्षं चालवली. अंगठा उठवणारी माणसं तिथे सही करायला शिकली. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. पुतण्या हिंगोलीला बांधकामाच्या धंद्यात. त्याला त्या जागी गाळे काढायचे होते.

"घरपट्टीचं सोडा," गुरुजी म्हणाले. "मला पाटी पाहिजे. सरकारी पाटी लागली की पुतण्या हात लावणार न्हाई. मी गेल्यावरही न्हाई."

फॉर्म त्यांनी तिथेच बसून भरला. अकरावा प्रश्न होता, 'इमारतीस तडे आहेत काय?' गुरुजींनी ठळक अक्षरात लिहिलं, 'होय. उत्तरेकडील भिंतीस एक. लांबी सात वीत.'

मी म्हणालो, "गुरुजी, नाही लिहा. सगळे तेच लिहितात."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तडा हाय, तर न्हाई कसं लिहू? दुरुस्तीची परवानगी त्याच्यासाठीच मागून राहिलो ना!" मग फॉर्म पुढे सरकवत म्हणाले, "तुमी विठोबा बेंगाळाचे ना?"

आता खरं सांगतो. माझे वडील अडतीवर हमाल होते. हमाली संपली की त्या खोलीत शिकायला जायचे. सही तिथेच शिकले. पण त्या वस्तीत जातो हे त्यांनी आमच्या गल्लीत कधी सांगितलं नाही, आणि मी ऑफिसात कधी सांगितलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणालो, "हो."

*

एका धान्य व्यापाऱ्याचं दुकान. पुढची सगळी बाजू सागवानी, त्यावर मोर, वेली, काय नाही! जिल्ह्याच्या ठिकाणाहून तीन जणांची समिती पाहायला येणार होती. मी व्यापाऱ्याला रीतसर पत्र पाठवलं. शेवटची ओळ नेहमीची, 'पाहणीच्या दिवशी इमारत सुस्थितीत ठेवावी.'

समिती उतरली आणि जागच्या जागी थांबली. मोरांवर निळा ऑइलपेंट, वेलींवर पोपटी, ओट्याच्या दगडावर बाथरूमच्या चकाकत्या टाइल्स! व्यापारी हार घेऊन पुढे आला. "साहेब, आठ दिवस दुकान बंद ठेवलं. तुमच्यासाठीच केलं सगळं!"

समितीनं शेरा मारला, 'प्राचीनत्व आढळले नाही.'

त्या माणसानं मला दोष दिला नाही. उलट माझं पत्र दाखवून विचारलं, "बेंगाळसाहेब, काही कमी राहिलं का?" मी म्हणालो, पुढच्या वेळी बघू.

*

त्याच दिवशी समिती गुरुजींच्या खोलीवर गेली. आत बाक नाही, फळा नाही, नुसती स्वच्छ झाडलेली जमीन. समितीतले एक साहेब नाराज दिसले. "गुरुजी, काही कोरीवकाम वगैरे?"

"हाय की," गुरुजी म्हणाले आणि खाली बसले. "असं बसल्याशिवाय दिसणार न्हाई."

साहेब लोक पँट सावरत खाली बसले. मांडी घातलेल्या माणसाचा हात पुरेल एवढ्या उंचीवर, तिन्ही भिंतींवर सह्याच सह्या! पाटीवर गिरवून हात बसला की शेवटची सही खिळ्यानं भिंतीवर करायची, अशी त्या शाळेची रीत होती. तीच परीक्षा आणि तेच सर्टिफिकेट. गिलाव्यात कोरलेली दोन-अडीचशे नावं असतील.

उत्तरेच्या भिंतीवर, तड्याच्या अलीकडे, मला माझ्या वडलांची सही दिसली. 'विठोबा बेंगाळ.' ळचं शेपूट अख्ख्या नावाखालून मागे ओढलेलं. लहानपणी तेच वळण पाहून मी माझी सही बसवली, आणि एकतीस वर्षं कागदाकागदावर तीच करत आलो.

साहेबांनी विचारलं, "यांच्यापैकी कोणाच्या घरचं कोणी आहे का आता गावात?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण लावत होतो.

खोली मात्र मंजूर झाली. शेरा पडला, 'जतन करण्यास पात्र.' आदेशावर मुख्याधिकाऱ्यांची सही झाली की पाटी द्यायची, एवढंच उरलं होतं.

*

जुनेपणाचा लेखी पुरावा हा आणखी एक ताप. एक शेतकरी घरातली काचेची फ्रेम काढून घेऊन आला. आत उर्दूतला पिवळा कागद, खाली शिक्का. "आज्याला निजाम सरकारनं दिलेली सनद हाय. दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहतो."

वाचायचं कोणी? शेषराव जाऊन एका रिटायर उर्दू मास्तरांना घेऊन आला. मास्तरांनी कागद दूर धरला, जवळ धरला, गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "ये तो नोटिस है! घर के सामने की नाली आठ रोज में साफ करो, वरना जुर्माना!"

शेषराव टेबल बडवून हसला. "म्हंजे ती नाली तवापासून तुंबलेली हाय!"

गंमत म्हणजे, नोटिशीवर तारीख होती, घराची खूण होती. पुरावा म्हणून ती चालली! मी शेतकऱ्याचं अभिनंदन केलं. तो फ्रेम टेबलावर ठेवून निघाला. मी हाक मारली, "अहो, कागद न्या की!"

"राहू द्या," तो म्हणाला. "आता भिंतीवर काय लावू त्याले?"

नुसती तारीख वाचून घेतली असती तरी काम झालं असतं.

*

पाट्या तयार होऊन आल्या आणि मुख्याधिकारी साहेबांची बदली झाली! नवे साहेब महिना झाला तरी रुजू होईनात. आदेश सहीविना पडून, पाट्या कपाटात पडून. शेषरावनं एक पाटी बाहेर काढली आणि तिच्यावर चहाचे कप आणायला लागला. चांगली जड, चौकोनी, कप हलत नसत.

गुरुजी दर सोमवारी येत. "माझ्या फाइलीचं कुठवर आलं?" एवढंच विचारत. एका सोमवारी शेषरावनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. गुरुजींनी कप उचलला, खालची अक्षरं वाचली, आणि रुमालानं चहाचा डाग पुसला.

"नाव माझ्याच खोलीचं हाय," ते म्हणाले. "घेऊन जाऊ का?"

मी म्हणालो, "गुरुजी, आदेशाशिवाय देता येत नाही. थोडी कळ काढा."

नियमानं माझं बरोबर होतं. त्या दिवशी ती पाटी त्यांच्या पिशवीत घातली असती, तर हा पुढचा किस्सा झालाच नसता.

*

जूनमध्ये वरून फोन आला. धोकादायक इमारतींची यादी संध्याकाळपर्यंत पाठवा, 'निरंक' चालणार नाही, एक तरी नाव पाहिजे. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गावभर फिरून तडे पाहायचा मला कंटाळा आला. मग डोकं चालवलं! स्कीमचे फॉर्म हाताशी होतेच. अकरावा प्रश्न काढून बघितला. सगळ्यांनी लिहिलं होतं, 'नाही.' एकट्यानं लिहिलं होतं, 'होय.'

यादीत एक नाव गेलं. नियमाप्रमाणे त्या नावाला नोटीस गेली, 'पंधरा दिवसांचे आत सदर इमारत उतरवून घ्यावी.' खाली 'मुख्याधिकारी यांचेकरिता' लिहून माझी सही. त्यात काही वावगं वाटलं नाही. अशा नोटिसा मी दर वर्षी काढत होतो, आणि आमच्या गावात नोटिशीनं आजवर एक वीट हललेली नव्हती. उद्या भिंत कोणावर पडलीच तर आमच्याकडे कागद असावा, एवढ्यासाठी ते चालायचं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

नंतरच्या दोन सोमवारी गुरुजी आले नाहीत. पावसामुळे असेल, असं मी समजलो.

तिसऱ्या सोमवारी नवे साहेब रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी गुरुजींच्या आदेशावर सही केली! मी शेषरावला म्हणालो, "पाटी घासून आण. आपण स्वतः जाऊन देऊ."

शेषरावनं चिंच लावून ती सोन्यासारखी केली. मी वाटेत पेढे घेतले. वस्तीच्या तोंडाशी आलो तर समोर थेट पलीकडची घरं दिसत होती. खोली नव्हती. दगड एका बाजूला रचलेले, तुळई ताडपत्रीखाली झाकलेली, आणि मधल्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून गुरुजी बसलेले. जेसीबीच्या चाकांचे वळ चिखलात अजून ताजे होते.

शेजारची बाई म्हणाली, "पुतण्याले गुरुजीनंच फोन करून बोलावलं. म्हणले, सरकारी कागद हाय, मुदतीच्या आत झालं पाहिजे."

माझ्या हातात पाटी, शेषरावच्या हातात पेढे. मी काहीतरी बोलायला लागलो. "गुरुजी, ती नोटीस... तशा आम्ही दर वर्षी... कोणीच ते..."

गुरुजींनी मला हातानं थांबवलं. खिशातून चौघडी केलेली नोटीस काढली, चष्मा लावला. मजकुराकडे त्यांनी पाहिलंच नाही. बोट थेट खाली सहीवर नेलं आणि ळच्या शेपटावरून हळूहळू मागे फिरवलं, पार नावाच्या सुरुवातीपर्यंत.

"विठोबाचंच वळण हाय," ते म्हणाले. "बराबर आलं."

मग खिशाचा लाल पेन काढून त्यांनी माझ्या सहीशेजारी बरोबरची खूण केली, आणि कागद माझ्या हातात दिला.