सोनपेठहून परत आलेला माल

माझं सगळं शिक्षण बन्सीमामांमुळे झालं. सोनपेठला त्यांचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत राहून मी शाळा शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आता पुण्यात एका बिस्किट कंपनीत आहे. हल्लीच्या नियमाप्रमाणे मालावरची वेष्टनं गोळा करून त्यांची विल्हेवाट लावणं ही माल बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. आमच्या कंपनीत ती जबाबदारी ज्या टेबलावर आहे, तिथे मी बसतो.

दिवाळीत हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. अडचण तिथूनच सुरू झाली. महिनाभराने मामींचा फोन आला, की कंपन्यांच्या मालाची गाडी यापुढे आपल्या दुकानावर थांबणार नाही म्हणतात. मी रजा टाकून निघालो.

रेल्वेत झोप लागली आणि परभणी निघून गेली. जाग आली तेव्हा पिंगळी मागे पडत होती. पूर्णा स्टेशनावर उतरून पॅसेंजरने परत फिरलो. समोर चुडाव्याच्या एक आजी होत्या. मी काय करतो, ते त्यांनी विचारलं. रिकामी पाकिटं परत घेतो, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट, पातळ भाकरी) खायला दिलं. खाऊन झाल्यावर त्याचा तेलकट कागदही माझ्या हातात ठेवला. "धरा. तुमचं कामच हाय."

मी तो घडी करून खिशात ठेवला.

परभणीहून एसटी धरली. दोन्हीकडे काळ्या रानात कापूस फुटला होता. गोदावरीचा पूल ओलांडून सोनपेठला पोचलो. मामांच्या ओट्यावर पोत्यांची थप्पी होती.

किराण्याच्या धंद्यात एक रीत आहे. उंदराने कुरतडलेला, भिजलेला माल दुकानदार बाजूला ठेवतो आणि कंपन्यांचा माल पोचवणाऱ्या एजन्सीची गाडी आली की परत करतो. मामांनी ही रीत वेष्टनांना लावली होती. आठवडी बाजाराला खेड्यांतून येणारे लोक आमच्या बिस्किटांची रिकामी पाकिटं आणून देत होते. भंगारवाल्याने ती फुकटही नेली नव्हती, कारण त्यांना वजनच नाही. गाडी चालवणाऱ्या सलीमभाईंनी मात्र साफ सांगितलं होतं, की पोती पुढे केलीत तर माल मिळणार नाही. बिस्किटं, साबण, चहा, सगळं त्याच गाडीने येतं. ती थांबली नाही तर मामांकडे गूळ आणि मीठ उरणार होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मी मधे पडलो.

"साहेब, वापसी म्हणजे खराब माल," सलीमभाई मला म्हणाले. "हा तर लोकांनी खाऊन टाकलेला हाय."

"बिस्कुट खाल्लं. कागद कुनी खाल्ला?" मामांनी विचारलं.

मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो, की सध्या पोती आत ठेवू, मी पुण्याला विचारतो.

मामा म्हणाले, "तूच म्हनलास, हे कंपनीचं हाय. मी चार गावच्या लोकांला तसंच सांगायलोय. का ते निस्तं दिवाळीपुरतं व्हतं?"

सलीमभाईंनी तोड काढली. कंपनीच्या माणसाने लिहून दिलं तर ते पोती नेतील. मी हुद्द्यासकट सही केली. तसा अधिकार मला आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. सलीमभाईंनाही नव्हतं. पोती गाडीत चढली.

परतीच्या प्रवासात काही घडलं नाही. खिडकीतून रुळांच्या कडेची पाकिटं दिसत होती, आणि त्यांतली आमची कोणती ते मला ओळखता येत होतं. पोचल्यावर आठवड्याने मामांना लिहिलं:

ती. मामांस साष्टांग नमस्कार. पोती पुण्यात पोचली. माझ्या टेबलाजवळ आहेत. साहेबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, माल परत आला आहे. त्यांनी नियम दोनदा वाचला. गाडी तुमच्याकडे थांबेल आणि दर फेरीला पोती नेईल. मात्र ही सोय फक्त तुमच्यापुरती आहे, इतर दुकानदारांना कळू देऊ नका, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून हे पोस्टकार्डावर लिहीत आहे. बाजाराच्या दिवशी पोचावं. तुमचा चष्मा सापडला नाही तर पोस्टमनकडून ओट्यावरच मोठ्यांदा वाचून घ्यावं.

आपला भाचा.