आटपाडी ब्रॅकेट

खचाखच भरलेली गाडी बघून ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात असा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. सात माणसं मावतील तिथे सहा बसवायची, दहा पानं मांडता येतील तिथे नऊ जणांना बोलवायचं, आणि उरलेल्या जागेकडे समाधानाने बघत राहायचं, हा त्यांचा धर्म. मी नोकरीभर बस स्टँडवरच्या आरक्षणाच्या खिडकीत बसलो. गाडीतली एखादी सीट रिकामी गेली तर मला घरी जाऊन घास गोड लागत नसे. असा मी आणि असे हे, आटपाडीच्या एकाच घरातल्या दोन बहिणींचे नवरे झालो. त्यांची थोरली, माझी धाकटी. थोरलीला आम्ही सगळे अक्का म्हणतो.

साडू मूळचे म्हसवडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. डिप्लोमा करून खंबाटकी घाटाखालच्या खंडाळ्याच्या बाजूला एका कारखान्यात लागले आणि तिथल्या प्लॅनिंग खात्यात मुरले. त्यांच्या कारखान्यातली मशीनं बहुरूपी आहेत. एकच मशीन सकाळी पंपाचं झाकण कापतं, दुपारी गिअरबॉक्सचं कवच कापतं आणि रात्रपाळीला तिसरंच काही. माल इकडून तिकडे नेणाऱ्या गाड्यासुद्धा आपल्या आपण चालतात. कुठला जॉब, म्हणजे घडवायचा नग, कुठल्या मशीनवर, कधी चढवायचा, हे ठरवणं साडूंचं काम. ही सगळी माहिती मला माझ्या पहिल्या दिवाळसणाला मिळाली. पंगतीत ते माझ्या शेजारी होते. स्वतःच्या ताटातली भजी, कुरडई आणि लोणचं इकडून तिकडे सरकवत त्यांनी अख्खा कारखाना मांडला, आणि शेवटी लिंबाच्या फोडीशेजारची जागा बोटाने पुसून म्हणाले, “ही मोकळी.”

“ती कशाला?” मी विचारलं.

“माघारी येणाऱ्या जॉबला. आवं पाव्हणं, तपासणीत एखादा नग नापास हुतोयच. त्यो पुन्हा मशीनवर घ्याचा तर मशीनला येळ नको? सगळा दिवस ठासून भरला तर तपासणारा माणूस बघतो, जागा न्हाई. मग त्येचाच डोळा मऊ पडतो. म्हणतो, चालतंय, जाऊ द्या पुढं. वाईट नग पुढं का जातो? त्येला माघारी घ्यायला जागा नसती म्हणून जातो.”

एवढं बोलून त्यांनी त्या मोकळ्या जागेवर सासूबाईंना बासुंदीची वाटीही ठेवू दिली नाही. सासूबाईंना वाटलं जावई रुसले. त्या संध्याकाळपर्यंत डोळ्याला पदर लावून होत्या.

हे वेड त्यांना कुठून लागलं यावर मी बराच विचार केला आणि एक फार सुंदर उपपत्ती काढली. त्यांचे वडील मेंढरं बसवताना मागे राहिलेल्या लंगड्या मेंढीसाठी कोपरा मोकळा ठेवत असणार, आणि तेच हे पोराच्या रक्तात उतरलं. मी ती त्यांना भारावून ऐकवली. साडू पान लावत होते. “तसलं काय न्हाई,” ते म्हणाले, “मेंढरं कुठंबी बसत्यात.” माझी उपपत्ती तिथेच बसली.

एकदा सिद्धनाथाच्या जत्रेला आम्ही सगळे भाड्याच्या गाडीने म्हसवडला निघालो. ड्रायव्हर धरून माणसं मोजून सात, गाडी सात जणांची. मला वाटलं, आज तरी साडूंचा नाइलाज आहे. पण त्यांनी आमच्या सहा फुटी मेव्हण्याला मागच्या आडव्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये घडी घालून बसवला आणि पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट मोकळी ठेवली. मेव्हणा गुडघे हनुवटीला लावून दहिवडीपर्यंत गप्प होता, मग बोलायला लागला. त्याचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. सीट रिकामी गेली आणि रिकामीच परत आली. उतरताना मी खवचटपणे म्हणालो, “गेली ना जागा वाया?”

“वाया न्हाई गेली,” साडू म्हणाले, “लागली न्हाई.”

मग कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. आता जॉब कुठे, कधी चढवायचा हे संगणक ठरवणार होता, आणि तो माझ्या जातीचा निघाला. त्याला एक मिनिट रिकामं दिसलं की तो तिथे काहीतरी कोंबायचा. साडू चार दिवस नीट जेवले नाहीत. पाचव्या दिवशी प्रसन्न दिसले. त्यांनी संगणकाला एक नवा नग शिकवला होता. नाव: आटपाडी ब्रॅकेट. दर पाळीला एक तास. असला ब्रॅकेट या भूमंडळावर नव्हता, पण संगणक आपला इमानदारीने त्याच्यासाठी तास राखून ठेवायचा, आणि त्या तासात साडू माघारी आलेले नग दुरुस्त करून घ्यायचे. सासुरवाडीचं नाव का दिलं विचारलं तर म्हणाले, “तिकडनं मागणी यायची भीती न्हाई.”

संगणक मात्र साडूंपेक्षा सज्जन निघाला. ब्रॅकेट बनवायचा म्हणजे लोखंड लागणार, म्हणून त्याने खरेदी खात्याकडे परस्पर मागणी पाठवली. खरेदीवाला ब्रॅकेटचा नकाशा मागत दारात उभा. पाठोपाठ माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, हा आटपाडी ब्रॅकेट रोज बनतो तर एखादा बघू तरी. स्टोअरवाल्याने घाबरून त्यांच्या हातात पंख्याचा मोडका हूक दिला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि फिनिशिंग सुधारायला सांगितलं. नंतर मॅनेजरने साडूंना आत बोलावून घेतलं. काय झापायचं ते झापलं, काय ऐकायचं ते ऐकलं, आणि तासाचा अर्धा तास करून त्याला रीतसर इंग्रजी नाव दिलं. पण कामगार अजून आटपाडीच म्हणतात. आमच्या घरातही तोच शब्द रुळला. पंगतीत एखादा पाट रिकामा दिसला की पोरं ओरडायची, “हितं आटपाडी ब्रॅकेट बसलाय!”

इथवर सगळं हसण्यावारी होतं. खरी लढाई घरातल्या खोलीवरून झाली.

साडूंनी खंडाळ्यात घर बांधलं. त्यातली मागची खोली त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, अश्विनीची. अश्विनीचं लग्न होऊन ती सांगलीकडे, कृष्णाकाठच्या बागायतदारांच्या घरी गेली. ऊस, ट्रॅक्टर, दीर फौजेत, दारात दोन गाड्या. आम्ही सगळे खूश. अक्काला वाटलं, आता ती खोली कारखान्यातल्या पोरांना भाड्याने देऊ. साडू नाही म्हणाले. मग निदान गव्हाची कोठी तरी तिथे ठेवू, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. तेही नाही. “त्या खोलीत सुपारीसुदीक ठेवायची न्हाई,” असा हुकूम. दर रविवारी ते स्वतः खोली झाडायचे, चादर झटकून परत घालायचे. खोली कुणासाठी राखलीय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. नुकत्याच सासरी गेलेल्या मुलीच्या घरात असलं बोलणं बरं दिसत नाही. एक दिवस अक्काचाच संयम सुटला. आमच्यादेखत ती कडाडली, “पोरीचा संसार मोडायचं डोहाळं लागल्यात का तुमाला? भरल्या घरात दिलीया तिला!”

“भरल्या घरातच दिलीया,” साडू म्हणाले, “म्हणून तर.”

त्यानंतर अक्काने कोठी स्वतः ओढत नेऊन त्या खोलीत ठेवली. साडू रविवारी कोठीच्या भोवतीने झाडायला लागले.

अश्विनीच्या घरी मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. त्या घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. काहीतरी बिनसलं की सासू, नवरा, सगळे पंधरा-पंधरा दिवस मुके व्हायचे. ती वाढायची, ते जेवून उठायचे. फोनवर ती “बरं हाय” एवढंच म्हणायची, आणि ते “बरं हाय” दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. शेवटी एकदा रडली आणि अक्काला सगळं सांगितलं. साताऱ्याला माझ्या घरी आम्ही वडीलधारे जमलो. प्रत्येकाने आपापलं शहाणपण काढलं. थोडं जमवून घ्यायला सांगू. पाडव्यापर्यंत वाट बघू. माझी बायको म्हणाली, एकदा मूल झालं की सगळं ठीक होईल. सगळ्यांच्या माना हलल्या.

साडू कोपऱ्यात बसले होते. ते उठले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “पुढच्या मशीनवर ढकलू नका,” ते म्हणाले, “आता पोरगीबी ढकलायची, आन् जलमाला न आलेलं पोरबी त्येच्यात घालायचं? तुमास्नी वाटतंय ती माघारी आली तर ठेवायची कुठं. म्हणून तुमचा डोळा मऊ पडलाय. जागा हाय. मी ठेवलीया.”

अक्का तोंडाला पदर लावून म्हणाली, “लोक म्हणतील, पोरगीच खोटी निघाली.”

“पोरगी सोन्यासारखी हाय. बसवायची जागा चुकली, ती चूक आपली.” मग त्यांनी आमच्यासमोरच फोन स्पीकरवर लावला. ये म्हणाले नाहीत, काय झालं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “आशू, खोली झाडून ठेवलीया.” अश्विनी वडिलांना दादा म्हणते. ती म्हणाली, “दादा, उद्याच्या गाडीला जागा मिळंल का?” जागा मिळवून देणं हा माझा आयुष्यभराचा धंदा, मी फोन घ्यायला हात पुढे केला. पण साडू म्हणाले, “गाडी घेऊन मीच येतो. पुढची सीट रिकामी हाय.”

अक्का पहाटेच्या एसटीने खंडाळ्याला पुढे गेली, आणि सकाळी साताऱ्यातून मी साडूंबरोबर निघालो. भाड्याची तीच सात जणांची गाडी, ड्रायव्हरसकट आम्ही तिघे. साडू सवयीने मागे बसले. मीही पुढच्या सीटवर बसलो नाही, आणि बसावंसं वाटलंही नाही. तिकडे भांडण झालं नाही. त्या घरात बोलण्याचीच पद्धत नव्हती. अश्विनी एक बॅग घेऊन बाहेर आली आणि ड्रायव्हरशेजारी बसली. कऱ्हाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग मान मागे टाकून झोपली, ती खंबाटकीचा घाट चढून उतरला तरी उठली नाही. साडू सारा रस्ता त्या सीटच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

आम्ही घरी पोचलो तर दार उघडं, आणि आतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज येत होता. अक्का एकटीच गव्हाची कोठी त्या खोलीतून बाहेर ओढत होती. घामाघूम झाली होती, केस सुटले होते. अश्विनीला बघून तिने कोठी सोडली आणि लेकीला पोटाशी धरलं. माझेही डोळे भरून आले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साडूंनी कोठीला दुसऱ्या बाजूने हात लावला.

अश्विनी आता खंडाळ्याकडच्याच एका कारखान्यात तपासणी खात्यात कामाला जाते. साडू निवृत्त झाले आहेत. तिच्या पगाराचं, तिच्या हसण्याचं त्यांना कौतुक आहे, पण त्यांच्या जिवाला चैन नाही, कारण आता घरात रिकामी जागा उरलेली नाही. गेल्या महिन्यात मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो तर अंगणात विटा आणि वाळू येऊन पडलेली. साडू दोरी लावून एका खोलीचा पाया आखत होते. मी अक्काला हळूच विचारलं, “आता ही कुणासाठी?”

अक्काने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

“आटपाडी ब्रॅकेटसाठी,” ती म्हणाली, आणि हसली नाही.