सालईच्या मेढीचा पाळणा

बैलगाडीतून मेढ, म्हणजे मांडवाचा खांब, उतरवली तेव्हा तिच्या भोकांतून पिठासारखा भुसा सांडला. लाकूड सालईचं. चांद्याच्या सॉ-मिलमध्ये मी फोरमन होतो. सागाच्या मुलखात सालईला कोण विचारतो? पॅकिंगच्या खोक्यांना जायची, बस.

"मिस्त्री, याचा पाळणा करून द्या," चामोर्शीकडून आलेले दमाजीभाऊ म्हणाले.

"सागाचा करू. सालई काऊन?"

"लेकीच्या मांडवाची मेढ हाये. लेक बाळंतपणात गेली. नात राह्यली मांगं. तिच्या मायचं काहीतरी तिले असलं पाह्यजे."

मांडवाची मेढ उपटायची नाही, आपोआप पडू द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून ती सालीसकट अंगणात उभी राहिली आणि किड्याचं फावलं; शेवटी आपोआपच पडली.

सालई मऊ. रंधा सरसर चालतो, खिळ्याने फाटत नाही, वजनाला हलकी. पण चौकटीला, वाशाला कुचकामी. तिच्यात किड्याला आवडणारं सत्त्व असतं. चिरून पाण्यात बुडवली की ते निघून जातं. मग सावलीत सुकवायची. हे मी त्यांना सांगितलं. पाळण्याच्या बाजू सालईच्या, बूड सागाचं, असं ठरलं.

मी मेढ करवतीवर घेतली, तोच मिलचे मालक शेठ आले. "फोरमनसाहेब, हा कचरा काऊन चिरून राह्यले? रेल्वेच्या स्लीपरची ऑर्डर पडली हाये."

"कचरा नाही, शेठ. पाळणा आहे."

शेठ पुटपुटत गेले. गाभ्यात चार फळ्या धड निघाल्या. त्या मी मागच्या टाक्यात बुडवल्या.

"कधी न्याले येऊ?" दमाजीभाऊंनी विचारलं.

"महिनाभर पाण्यात. पुढे सुकायला तेवढाच वेळ."

"लवकर नाई होत?"

"घाई केली तर पाळण्यात भुसा पडेल. लेकराच्या डोळ्यांत जाईल."

ते मान हलवून गेले.

महिना भरायच्या आतच आले. या खेपेला बैलगाडी नव्हती. मी आपला नेहमीच्या तोऱ्यात म्हणालो, "भाऊ, अजून ओल्या आहेत."

"आता घाई नाई, मिस्त्री. नात तापानं गेली."

ते टाक्याशी बसले, पाण्यात हात घालून एका फळीवरून फिरवत राहिले.

"काढून देऊ का?" मी शेवटी विचारलं.

"राहू द्या पाण्यातच. बाहेर काढल्या का किडा लागते."

मी मिल सोडेपर्यंत त्या फळ्या टाक्यातच होत्या. शेठ टाकं रिकामं करा म्हणायचे, मी ऐकलं नाही. पाण्यात सालई टिकते, हे खरं. पण नुसतं टिकण्यासाठी कोणी पाळणा करायला सांगत नाही.