मुलगी चीनला, खडा मूत्रनळीत

"सिक्स मिलिमीटर," डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सम्यकाला परत बोलावता येईल.

हे आधीच सांगून टाकतो. आजारपणाबद्दल लिहिणाऱ्या लोकांना निदानाच्या क्षणी आई-वडील आठवतात, राहिलेली कामं आठवतात. मला विमानाचं तिकीट आठवलं. हा मजकूर मुतखडा झालेल्यांसाठी, होऊ घातलेल्यांसाठी आणि मुलांना परदेशी पाठवून घरात येरझारा घालणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्याशी खोटं बोलून मला काहीच मिळायचं नाही.

सम्यका माझी मुलगी, वय पंधरा. ओमानमधल्या तिच्या शाळेतली बारा मुलं स्कूल एक्स्चेंजसाठी अडीच आठवडे चीनमधल्या लुओयांग शहरात गेली होती. तिथल्या विद्यार्थ्यांच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर शाळेत जायचं, सुटीच्या दिवशी शहर बघायचं. मी सहा महिने विरोध केला. थंडी, भाषा, जेवण, भूकंप, सगळी कारणं वापरून झाली. शेवटी माझी बायको सुनंदा हिने फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि पेन हातात दिलं. मी सही अशी केली, की बँकेने ती नक्की नाकारली असती.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, साइटवर माझ्या डाव्या कमरेत कळ आली. आधी मला वाटलं, ही मुलीची आठवण आहे. खरंच वाटलं. मग कळ जांघेत उतरली आणि मी कंपनीच्या पिकअपमध्ये ओकलो, तेव्हा लक्षात आलं की आठवण एवढी खाली जात नाही.

आम्ही राहतो त्या रुस्ताक शहराच्या इस्पितळात आधी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळालं. हे वेदनाशामक आहे, वीस मिनिटांत माणूस पुन्हा माणसासारखा बोलायला लागतो. मग सीटी केयूबी. म्हणजे मूत्रपिंडं, मूत्रनळ्या आणि मूत्राशय यांचा स्कॅन. त्यात दिसलं, की डाव्या युरेटरमध्ये, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत, खडा अडकला आहे आणि वरचं मूत्रपिंड थोडं सुजलं आहे. त्या सुजेला हायड्रोनेफ्रॉसिस म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. तुंबलेलं पाणी, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टर केरळचे होते. माझ्याशी हिंदीत बोलत.

"काम क्या करते हो?"

"पानी का इंजिनियर हूँ. पाइपलाइन डालता हूँ."

"और खुद कितना पानी पीते हो?"

मी खाली बघितलं. साइटवर शौचालय दूर असतं म्हणून मी दिवसभरात दोन ग्लास पितो, चहा वेगळा. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "सब की पाइपलाइन देखते हो," ते म्हणाले आणि त्यांनी गोळ्या लिहिल्या. टॅम्सुलोसिन ही गोळी नळी सैल करते. दिवसाला तीन लिटर पाणी. लघवी गाळून बघायची. दहा दिवसांत खडा पडला तर उत्तम, नाहीतर युरेटेरोस्कोपी, म्हणजे दुर्बीण आत घालून तो काढायचा.

औषधाच्या खिडकीबाहेर नंबर लागायची वाट बघत असताना मी ते कृत्य केलं. मुलांबरोबर गेलेल्या शिक्षिकेला ई-मेल पाठवली: कुटुंबात वैद्यकीय आणीबाणी उद्भवली आहे, कृपया माझ्या मुलीला लवकरात लवकर परत पाठवावे. कुणाला, काय झालं, हे लिहिलं नाही. सुनंदाला सांगितलं नाही. त्या क्षणी मला काही दुखत नव्हतं, इंजेक्शन छान चढलं होतं. म्हणजे कळ असह्य झाली म्हणून केलं, असंही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सम्यकाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे आठ. एरवी ती दिवसभराचं सांगायची: शाळेत जेवणानंतर सगळे डेस्कवर डोकं ठेवून झोपतात आणि ते कंपल्सरी आहे, वर्गाबाहेर गरम पाण्याची टाकी आहे आणि मुलं पाणी गरमच पितात, सकाळी बँडच्या तालावर अख्खी शाळा मैदानात धावते. त्या दिवशी ती रडत होती.

"बाबा, कोण मेलं?"

"कुणीच नाही गं."

"मॅमनी मला क्लासमधून बोलावलं. बॅग भरायला सांगितली. फॅमिली इमर्जन्सी. आई कुठे आहे? आई ठीक आहे ना?"

आई माझ्या मागेच उभी होती, हातात चहाचा कप. तिने विचारलं, "कसली इमर्जन्सी?"

मला सगळं सांगावं लागलं. 

"दगड?" सम्यका म्हणाली. तिचं मराठी कच्चं आहे, त्यामुळे ती जे शब्द वापरते ते फार स्पष्ट असतात. "बाबा, एका दगडासाठी?"

सुनंदा कप ठेवून म्हणाली, "तुम्हाला खडा पडायला नकोय. पोरगी घरी यायला हवीय."

कळ यायला हवी होती, ती नेमकी तेव्हा आली नाही.

तेवढ्यात फोनमध्ये एक म्हातारा चेहरा घुसला. सम्यका ज्या घरी राहत होती तिथली मुलगी यीनान, तिचे हे आजोबा. सगळे त्यांना येये म्हणतात, चिनी भाषेत आजोबा. त्यांनी काहीतरी विचारलं. यीनानने त्याचं इंग्रजी केलं, सम्यकाने मराठी.

"येये विचारतायत, केवढा आहे?"

"सहा मिलिमीटर."

तिकडे हशा पिकला. "ते म्हणतायत, त्यांचा आठचा होता."

मग येये उठले, हातात नसलेली दोरी धरून उड्या मारू लागले आणि मला उठायची खूण केली. पासष्टीचा गृहस्थ, घरात स्वेटर घालून. मला नाही म्हणता येईना. सुनंदाने सम्यकाची जुनी दोरी माळ्यावरून काढून दिली, आणि देताना तिच्या चेहऱ्यावर मला अजिबात दया दिसली नाही.

त्यानंतर रोज चारला ते शिबिर भरायचं. आधी येये थर्मासचं झाकण उघडून गरम पाणी प्यायचे, इकडे मी प्यायचो. मग तिकडे ते, इकडे मी, उड्या. डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. दुखत नसेल तर मारा, ते म्हणाले, पण हसू दाबत म्हणाले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे खलीलभाई वर आले. रत्नागिरीचे, सभ्य माणूस.

"भाऊ, वर मसाला कुटताय का? माझा पंखा हलतोय."

मी खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "मग कुटा, कुटा," आणि संध्याकाळी कुळथाचं पिठलं पाठवून दिलं. मुतखड्याची बातमी कळली की प्रत्येकाच्या घरातून एक उपाय येतो. ऑफिसातल्या ओमानी साहेबांनी जवाचं पाणी सुचवलं. मी सगळं घेतलं. कुणाला कसं दुखवायचं, हा प्रश्न मला नेहमीच खड्यापेक्षा मोठा वाटतो.

सर्वांत अवघड भाग म्हणजे रोजचा अहवाल. लघवी गाळायला सुनंदाने नवी गाळणी आणली होती. तिला लाल दोरा बांधला होता, आणि चहाची गाळणी ती तरीही स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायची. येये रोज विचारत, गाळणीत काही आलं का, रंग कसा आहे. हा प्रश्न पंधरा वर्षांच्या दोन मुलींमधून प्रवास करत माझ्यापर्यंत येई आणि माझं उत्तर त्याच रस्त्याने परत जाई. पहिल्या दिवशी मी लाजेने "ठीक" म्हणालो. सम्यका म्हणाली, "बाबा, ठीक हा कलर नाहीये."

पण तिकिटाचा प्रश्न शिल्लक होता. येयेंचं शिबिर सुरू झालं त्याच संध्याकाळी शिक्षिकेचं उत्तर आलं. तिकीट बदलायचं तर उद्या संध्याकाळपर्यंत डॉक्टरांचं पत्र हवं, नाहीतर विनंती मागे घेतल्याचं लेखी हवं. विनंती मागे घेतली नाही तर सम्यका लुओयांगजवळची लेणी न बघताच निघणार होती. शाळेने ती भेट शेवटच्या शनिवारसाठी ठेवली होती. डोंगरात कोरलेला प्रचंड बुद्ध. आम्ही बौद्ध, मी औरंगाबादचा, वेरूळ-अजिंठा बघत वाढलो. जाण्याआधी तिच्या बॅगेत त्या लेण्यांचा छापलेला फोटो मीच ठेवला होता. विरोध चालू असतानाच ठेवला होता. मी असा माणूस आहे.

एवढं असूनही गुरुवारी मी डॉक्टरांकडे पत्र मागितलं. नात्यातल्या माणसाने जवळ असणं आवश्यक आहे, असं काहीतरी लिहून द्या म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपको पानी चाहिए, ये मैं लिख सकता हूँ. आपको बेटी चाहिए, ये मैं नहीं लिख सकता."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. शेजारी काठी धरलेले एक ओमानी आजोबा होते. त्यांनी न विचारता खिशातून दोन खजूर काढून माझ्या हातावर ठेवले. ते खाऊन मी शिक्षिकेला लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: आणीबाणी नाही. मला भीती वाटत होती, मुलीला नव्हे. तिला राहू द्या. क्षमस्व.

एका तासाने उत्तर आलं. शिक्षिकेने लिहिलं होतं, की अशा ई-मेल प्रत्येक सहलीत येतात, पण दुसरी ई-मेल सहसा येत नाही.

खडा मात्र उड्यांना बधला नाही. तो शहाणा निघाला असता तर हा मजकूर इथेच संपला असता. नऊ दिवसांनी पुन्हा स्कॅन झाला, खडा होता तिथेच बसलेला. विमा कंपनीच्या मंजुरीसाठी दोन दिवस फॉर्म भरले. विचारलं की खिडकीतून उत्तर यायचं, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या. तो उद्या शनिवारी उजाडला, आणि मस्कतच्या एका इस्पितळात माझी युरेटेरोस्कोपी ठरली. भूल देतात, दुर्बीण मूत्रमार्गातून आत जाते, लेसरने खड्याचा चुरा करतात. कुठेही चिरत नाहीत. शेवटी आत एक मऊ नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. नाचगाण्याशी काही संबंध नाही, मात्र ती असेपर्यंत दर अर्ध्या तासाला धावावं लागतं.

शुद्धीवर आलो तेव्हा फोनवर सम्यकाचा आवाज रेकॉर्ड होऊन आलेला होता. तिने सगळं मराठीत बोलायचा प्रयत्न केला होता. "बाबा, मी समोर उभी आहे. वेरूळसारखं नाहीये. तिकडे आत अंधार असतो ना, इथे बाहेरच आहे. त्याच्या तोंडावर ऊन पडलंय. तो... हसत नाहीये, पण हसेल असं वाटतं. मी तुझ्यासाठी पण बघितलं." मागे सहलीत सोबत आलेल्या येयेंचा आवाज होता. सगळ्या मुलांना ओरडून गरम पाणी पाजत असावेत. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे त्यांना सांगायला माझ्याकडे भाषा नाही. मी त्यांना दोरी पाठवणार आहे, चांगल्या मुठींची.

चार वाजले. फोन आला नाही. साडेचार, पाच. सुनंदाने विचारलं, "लावू का?" मी नको म्हणालो. साडेपाचला तीच म्हणाली, "अहो, लावते." मी नको म्हणालो. या आजारात इंजेक्शनशिवाय मी सोसलेला हा एवढाच दीड तास, आणि खड्याला त्याचं श्रेय देता येणार नाही.

रविवारी सकाळी नर्स सलाइन काढत असताना सम्यकाचा कॉल आला.

"सॉरी बाबा. काल आम्ही जुन्या गावात गेलो, सगळीकडे कंदील, आणि आम्ही ते लांब बाह्यांचे ड्रेस भाड्याने घेतले, आणि मग... मी विसरलेच. तुझं ऑपरेशन होतं आणि मी विसरले." ती रडायच्या बेतात आली. "आय ॲम अ हॉरिबल डॉटर."

तो सूर मी ओळखला. तो माझाच होता. पंधरा वर्षं घरात ऐकून तिने उचललेला.

"सम्यका," मी म्हणालो, "तू विसरलीस ते चांगलं झालं."

"चांगलं कसं? तुला अजून भूल चढलीये का?"

"नाही. फोटो काढलेस ना काल? ते पाठव."

"लेण्यांचे पाठवले की."

"ते नाही. मला विसरली होतीस तेव्हाचे."

 मग एकेक करत एक्केचाळीस फोटो आले. लांब बाह्या, कंदील, तोंडात काहीतरी कोंबलेलं, यीनानच्या खांद्यावर डोकं टाकून हसणं. एकाही फोटोत ती काळजीत दिसत नव्हती. मी झूम करून तपासलं.