बिनवायरीचा माईक

"वायर म्हंजे आवाजाला लावलेलं दावं हाय," असं बोरीचा माईकवाला सटवाजी एकदा म्हणाला, आणि त्याच हंगामात हैदराबादहून बिनवायरीचे दोन माईक घेऊन आला. दोन्ही एकाच साच्यातले. माईक आवाज हवेत सोडायचा, सोबतचा डबा तो झेलायचा आणि भोंग्याला द्यायचा.

एका तिथीला गावात दोन लग्नं होती. एक माईक त्याने वरच्या आळीत सितारामच्या मांडवात लावून दिला. दुसरा घेऊन खालच्या आळीत दिनकररावांकडे आला, तोही इस्त्रीचा सदरा घालून. दिनकररावांच्या मुलीच्या लग्नाला थेट जिंतूरहून पाव्हणे आले होते. त्यांच्या देखत गुरुजी हातात मोकळा माईक धरून मंगलाष्टका म्हणतील, कोणी काही विचारलंच तर सांगायला आपण शेजारी असू, एवढंच त्याला हवं होतं.

सेल वाचावेत म्हणून दोन्हीकडे त्याची ताकीद होती, की काम नसेल तेव्हा माईक बंद. डबा मात्र चालूच असायचा.

नवरदेव पाटावर उभा, नवरी अजून घरात, आणि भोंग्यातून मंगलाष्टका सुरू झाल्या. मागे बसलेल्यांना पुढचं दिसत नाही. ते कानानंच लग्न लावतात. 'सावधान' आलं की मूठभर रंगवलेली ज्वारी नवरदेवावर पडायची. गुरुजी तोंड मिटून उभे आहेत, हे फक्त पुढच्या रांगेने पाहिलं. बँडवाल्यांनीही हयगय केली नाही.

नवरीची आत्या धुरपदाबाई पदर सावरत आली. "सटवाजी, पोराचं एकट्याचंच लगीन लावलंस की रं."

सटवाजीने दोष सेलवर ढकलला. सेल बदलले. डब्याची दांडी फिरवली, दोन थापट्या मारल्या. माईक चालू करून हॅलो म्हटलं, तर भोंगाही निमूट हॅलो म्हणाला. माईक बंद केला, तर भोंगा सितारामच्या पाव्हण्यांना पंगतीला बोलवायला लागला. तेव्हा कुठे त्याला उमगलं. आपलं माणूस गप्प झालं की शेजारचं ऐकत बसायचं, ही त्या डब्यांची खोड होती.

इकडे नवरदेवाचे मामा अपशकुन म्हणून फुगले होते. पोरगं एवढा मारा खाऊन हललं नाही, संसारात टिकेल, अशी धुरपदाबाईने त्यांची समजूत घातली. ज्वारी पुन्हा वाटली गेली. सटवाजीने माईक चालू करून गुरुजींना दिला आणि सदरा झटकून त्यांच्या शेजारी उभा राहिला. नवरी आपल्या मामासोबत निघाली.

"आन् तिकडचा माईक?" धुरपदाबाईने हळूच विचारलं.

"पंगत बसली. बंद केला आसंल."

"आन् डबा?"

"त्यो चालूच आसतोय."

"म्हंजे हितल्या अक्षदा तिकडं वरणात पडतेत," ती म्हणाली.

डब्याचं बटण त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. नेमका तेव्हाच जिंतूरचा एक पाव्हणा गुरुजींच्या हातातल्या माईककडे बघत सटवाजीच्या दिशेने आला आणि वायर कुठाय म्हणून विचारू लागला. सटवाजीने त्याच्याकडे पाहिलं, अंतरपाट धरलेला पाहिला, आणि एक शब्द न बोलता मांडवाबाहेर पडून वरच्या आळीकडे धावला.